गावात पहिला असेंबल पीसी जोडताय? आधी भिंतीतला बोर्ड बघा, कार्ड मग

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारा भाऊ दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहतो आणि तालुक्याच्या फ्लेक्सच्या दुकानात डिझायनिंग करतो. आता त्याला घरीच कामं घ्यायची आहेत. सोबत ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) शिकायचं आहे, सीझनमध्ये लग्नाचे व्हिडिओ एडिट करायचे आहेत आणि रात्री गेम खेळायचे आहेत. बजेट मॉनिटर धरून नव्वद हजार ते एक लाख. दुकानदाराने कोटेशन दिलं आहे ते असं: ‘आय-सेव्हन, १६ जीबी रॅम, ८ जीबी ग्राफिक कार्ड, आरजीबी कॅबिनेट, ५०० वॅट’. हे इंटेलचंच घ्यावं की एएमडीचा रायझन प्रोसेसर घ्यावा, असं त्याने विचारलंय.

भाऊ, इंटेल की रायझन हा तुमचा खरा प्रश्नच नाही. दोन्ही चांगले आहेत आणि दोन्हींवर तुमचं काम होईल. मी तालुक्याच्या ठिकाणी मशीन जोडायचं आणि दुरुस्तीचं काम करतो. माझ्या टेबलावर ‘स्लो चालते’ म्हणून येणाऱ्या मशीन थोड्या, ‘चालूच होत नाही’ म्हणून येणाऱ्या जास्त. यूट्यूबवरच्या याद्या एसीच्या खोलीत, चोवीस तास लाइन आणि दोन दिवसांत बदलून मिळणारं कार्ड गृहीत धरून केलेल्या असतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, डीपीवर कधी फ्यूज जातो तर कधी न्यूट्रल, आणि सर्व्हिस सेंटर म्हटलं की नागपूर नाहीतर अमरावती. म्हणून कुठलाही पार्ट निवडताना मी आधी हे बघतो की वाईट दिवशी, म्हणजे लाइन बिघडली किंवा एखादा पार्ट गेला, तर गिऱ्हाइकाचं काम सुरू राहील का. वेगाचा हिशोब त्याच्या मागून.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या इथे बसून मला सांगता येणार नाहीत. घरी इन्व्हर्टर आहे का, कामात फ्लेक्स किती आणि व्हिडिओ किती, गेम कोणते. व्हॅलोरंटसारखा गेम साध्या कार्डावरही पळतो. मोठे, नवे गेम फुल सेटिंगवर हवे असतील तर हिशोब बदलतो. मी धरून चालतो की पोट फ्लेक्सवर आहे आणि बाकी हळूहळू वाढणार आहे.

सुरुवात भिंतीपासून करा. पीसी ज्या बोर्डाला लावणार त्याला अर्थिंग आहे का? तीन भोकं आहेत म्हणजे अर्थिंग आहे असं नाही. गावातल्या बऱ्याच घरांत तिसऱ्या भोकात वायरच नसते. ओळखायची खूण सोपी आहे: चालू पीसीच्या कॅबिनेटच्या पत्र्याला अनवाणी उभं राहून हात लागला की झिणझिण्या येतात. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्याच्या) आत फिल्टरचे छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेले असतात. त्यातून पाझरणारा करंट अर्थिंगमधून जमिनीत जायला पाहिजे. अर्थिंग नसेल तर पत्रा लाइनच्या निम्म्या व्होल्टेजवर, म्हणजे ११५च्या आसपास, तरंगत राहतो. करंट अगदी थोडा असतो म्हणून झिणझिण्यांवर भागतं, पण त्याच अवस्थेत एचडीएमआय किंवा यूएसबी लावताना पोर्ट जाऊ शकतो. वायरमनला बोलवा आणि अर्थिंग मोजून घ्या. फेज ते अर्थ जवळपास तेवढंच व्होल्टेज यायला हवं जेवढं फेज ते न्यूट्रल येतं, आणि न्यूट्रल ते अर्थ दोन-चार व्होल्टच. नसेल तर अंगणात खड्डा करून मीठ-कोळशाची अर्थिंग करून घ्या, आणि उन्हाळ्यात तिथे अधूनमधून पाणी ओतत जा. आरजीबी पंख्यांच्या सेटपेक्षा याला कमीच पैसे लागतात.

आता एसएमपीएस. कोटेशनमध्ये नुसतं ‘५०० वॅट’ लिहिलंय आणि कंपनीचं नाव नाही, तिथेच मला शंका आली. स्वस्तातल्या एसएमपीएसवर लिहिलेले वॅट कागदावरच असतात. रब्बीत रात्रीच्या पाळीला शिवारातल्या मोटारी सुरू झाल्या की ज्या घरांचं व्होल्टेज १७०-१८० वर येतं, तिथे असा पीसी गेमच्या मध्येच रीस्टार्ट होतो आणि माणूस ग्राफिक कार्डाला दोष देत बसतो. चांगल्या एसएमपीएसमध्ये अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असतं आणि लेबलवर ‘१००-२४० व्होल्ट’ छापलेलं असतं. ती कमी व्होल्टेजवर जास्त करंट ओढून काम चालू ठेवते. वीज कमी वाया घालवण्याचं ‘८० प्लस ब्राँझ’ रेटिंग पुरे, गोल्ड मिळालं तर उत्तम. ५५० ते ६५० वॅट घ्या आणि वॉरंटी पाच वर्षं किंवा जास्त आहे का बघा. इथे दोन हजार वाचवायचा मोह टाळा.

मात्र कमी व्होल्टेज फक्त त्रास देतं, मारतं ते जास्त व्होल्टेज. डीपीवर न्यूट्रल तुटला की घरात ३०० किंवा त्याहून जास्त व्होल्टेज येऊ शकतं. टीव्ही, फ्रिज, चार्जर एकाच वेळी जळाल्याच्या गोष्टी गावात ऐकल्या असतील, त्या बहुतेक याच्याच. त्यासाठी मेन बोर्डात ओव्हर-व्होल्टेजला लाइन तोडणारा प्रोटेक्टर बसवून घ्या. जळालेला पार्ट बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं. आणि वीज कडाडायला लागली की स्विच बंद करून भागत नाही, पिन काढावी लागते. फायबरच्या राउटरची लॅन केबल किंवा डिशची वायर जोडलेली असेल तर तीही.

यूपीएस लागतोच. बाजारात सर्रास मिळणारा ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. तुमची मशीन रेंडर करताना ३०० वॅटपर्यंत जाईल आणि वर मॉनिटर, म्हणजे तो अगदी काठावर येतो. १००० किंवा ११०० व्हीएचा घ्या. तो पाच-दहा मिनिटं देईल, फाइल सेव्ह करून नीट बंद करायला तेवढी पुरतात. घरात आधीच इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह (लाइनसारखीच वीज देणारा) आहे का बघा. जुन्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अ‍ॅक्टिव्ह पीएफसीची एसएमपीएस कधी गुरगुरते, कधी बंदच पडते. प्युअर साइन वेव्ह असेल आणि त्यावर यूपीएस मोडचा स्विच असेल, तर पीसी त्यावर चालू शकतो, पण घरातले पंखे आणि फ्रिज त्याच्यावर असतील तर बॅटरी किती वेळ टिकते ते मोजून बघा.

हे झालं म्हणजे मशीनकडे वळू. ‘आय-सेव्हन’ या शब्दाला जनरेशनशिवाय काही अर्थ नाही. आय७-२६०० हा २०११चा प्रोसेसर आहे, आय७-३७७० हा २०१२चा. ऑफिसांतून निघालेल्या असल्या मशीन चकचकीत कॅबिनेटमध्ये घालून ‘गेमिंग पीसी’ म्हणून विकल्या जातात. २०२२चा साधा आय३-१२१०० त्यांना सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ अधिकृतपणे इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच चालतं. व्हॅलोरंटला विंडोज ११ वर टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या बोर्डातल्या सुरक्षेच्या सोयीही लागतात. तेव्हा दुकानदाराला पूर्ण मॉडेल नंबर विचारा. तो टाळाटाळ करत असेल तर समजून जा.

प्रोसेसरमध्ये माझा एक हट्ट आहे, आणि इथे शहरातले बरेच जाणकार माझ्याशी भांडतील. मी खेड्यात मशीन देताना इंटेलचा ‘एफ’वाला प्रोसेसर देत नाही. आय५-१२४००एफ आणि आय५-१२४०० यात फरक एवढाच की एफवाल्यात अंगचं ग्राफिक नसतं, म्हणून तो थोडा स्वस्त पडतो. कार्ड असताना अंगचं ग्राफिक कशाला, असं सगळे म्हणतात. कार्ड वॉरंटीला गेलं की ते कधी परत येईल याचा भरवसा नसतो. एफवाला प्रोसेसर असेल तर तेवढे दिवस स्क्रीन काळी, आणि नेमकी तेव्हाच गावात जयंती नाहीतर निवडणूक असते. साध्या १२४०० वर मॉनिटरची केबल मदरबोर्डला लावायची आणि फ्लेक्सचं काम सुरू. दुसरा फायदा व्हिडिओत: इंटेलच्या अंगच्या ग्राफिकमध्ये क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा खास भाग) असतं, आणि लग्नाच्या शूटिंगचे एच.२६५ फॉरमॅटचे फुटेज, त्यातही १० बिट ४:२:२ वालं, टाइमलाइनवर त्याने बरंच मोकळं धावतं. रायझनमध्ये हाच विचार केला तर ७६०० घ्या, त्यात कामापुरतं ग्राफिक आहे. ७५००एफ आणि जुन्या ५६०० मध्ये ते नाही.

मग दोघांपैकी कोणता? रायझन ७६०० चा एएम५ मदरबोर्ड पुढे नवा प्रोसेसर घालायला मोकळा राहतो, ही त्याची मोठी बाजू. पण त्याला डीडीआर५ रॅमच लागते. आय५-१२४०० डीडीआर४ च्या बोर्डावरही बसतो. २०२५ च्या शेवटाकडे रॅमचे भाव असे भडकले की बाप्पा! एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी चिप उचलल्या आणि डीडीआर४ही महागली. म्हणून हा निर्णय ज्या दिवशी खरेदी कराल त्या दिवशीच्या रॅमच्या भावावर सोडा. तुमच्या बजेटमध्ये मला आय५-१२४००, बी७६० चा डीडीआर४ बोर्ड हे गणित जास्त बसताना दिसतं. एच६१० बोर्ड स्वस्त असतो, पण त्यात रॅमचे दोनच स्लॉट असतात आणि एसएसडीला जागा बहुतेक एकच. तुम्हाला चार स्लॉटचा बोर्ड हवा. का, ते पुढे येतंय.

फ्लेक्सवाल्याला रॅम किती लागते हे अंदाजाने सांगण्यापेक्षा हिशोबच करू. २० बाय १० फुटाचा बॅनर ७२ रिझोल्यूशनला (इंचाला ७२ पिक्सेल) उघडला की एका बाजूला १७,२८० पिक्सेल, दुसऱ्या बाजूला ८,६४०. म्हणजे सुमारे १४.९ कोटी पिक्सेल. सीएमवायके म्हणजे छपाईच्या चार रंगांमध्ये प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट, म्हणजे पूर्ण भरलेला एक लेयर जवळपास ६०० एमबी. आता त्यावर साहेबांचा फोटो, खाली शुभेच्छुकांचे तीस-चाळीस चेहरे, मागे ग्रेडियंट, कडेला झेंडा. दहा मोठे लेयर झाले की सहा जीबी तिथेच गेले, अनडूची हिस्ट्री वेगळीच. वर कोरलड्रॉ आणि ब्राउझर उघडे असतातच. १६ जीबी संपली की फोटोशॉप एसएसडीवर लिहायला लागतं आणि प्रत्येक क्लिकला गोल चक्र फिरतं. ३२ जीबी हा तुमचा खरा मुक्काम आहे. आज जमत नसेल तर ८ च्या दोन कांड्या चार स्लॉटच्या बोर्डात टाका आणि पुढे दोन वाढवा. १६ ची एकच कांडी टाकू नका. एका कांडीवर मेमरीचा रस्ता निम्मा होतो आणि गेममध्ये ते जाणवतं.

कार्डाकडे मी मुद्दाम उशिरा आलो, कारण फोटोशॉप आणि कोरलला मोठ्या कार्डाची गरज नसते. कार्ड लागतं ते गेमला, ब्लेंडरला आणि काही प्रमाणात व्हिडिओला. ब्लेंडर मनापासून शिकायचं असेल तर एनव्हिडिया कंपनीचं कार्ड घ्या. ब्लेंडरचं सायकल्स हे चित्र तयार करणारं (रेंडर) इंजिन त्यांच्या ऑप्टिक्स तंत्रावर चांगलं पळतं. एएमडीची कार्डं गेमला पैसे वसूल करतात, ब्लेंडर त्यांच्यावरही चालतं, पण तुमच्या मिश्र कामाला मी ती सुचवणार नाही. आता मेमरीचा प्रश्न. आरटीएक्स ३०६० जुनं आहे, २०२१चं, पण त्यात १२ जीबी मिळते. ४०६० आणि ५०६० गेममध्ये त्याच्या पुढे आहेत, मात्र ८ जीबीच. ब्लेंडरचा मोठा सीन कार्डाच्या मेमरीत मावला नाही की कार्ड कितीही नवं असो, रेंडर रखडतं किंवा पडतं. शिकायला ८ जीबी पुरते. ५०६० टीआयचं १६ जीबीवालं मॉडेल दोन्हींना उत्तर आहे, पण ते घेतलं तर तुमचं बाकीचं बजेट कोलमडेल.

उन्हाळ्याच्या दृष्टीने बघाल तर ४०६० फक्त ११५ वॅट खातं, ५०६० १४५ आणि ३०६० १७०. ४० अंशाच्या खोलीत हा फरक कानाला ऐकू येतो, कारण पंखे त्या मानाने ओरडतात. माझा कल ४०६० किंवा ५०६०, ज्या दिवशी जे भावात बसेल ते. एक अडचण मात्र लक्षात ठेवा: या दोन्ही कार्डांना बोर्डाशी डेटा देवाणघेवाणीचे आठच रस्ते (लेन) असतात. पीसीआयई ३.० च्या (कार्डाच्या जुन्या, हळू स्लॉटच्या) बोर्डावर किंवा रायझन ५५००, ५६००जी असल्या प्रोसेसरसोबत ती लावली तर थोडा वेग तिथेच सांडतो. वर सांगितलेल्या १२४०० आणि बी७६० मध्ये ही अडचण येत नाही.

कोटेशनमधलं ‘८ जीबी ग्राफिक कार्ड’ म्हणजे नेमकं कोणतं ते विचारलंत का? जीबीचा आकडा म्हणजे कार्डाची ताकद नव्हे. जुनं, क्रिप्टो मायनिंगमध्ये उन्हाळे-पावसाळे काढलेलं कार्डही ८ जीबीचं असू शकतं. सेकंडहँड घ्यायचंच असेल तर समोर चालवून, बिल आणि उरलेली वॉरंटी बघूनच. पहिल्या मशीनला मी ते टाळायला सांगेन.

आणि एक वाट अशीही आहे की कार्ड आत्ता घेऊच नका. १२४०० वर फ्लेक्सची कामं सुरू करा, चांगली एसएमपीएस, यूपीएस आणि ३२ जीबी रॅम आजच घ्या आणि सहा महिन्यांनी कमाईतून कार्ड आणा. गेमचा जीव थोडा मारावा लागेल, पण एकही पार्ट नंतर फेकावा लागणार नाही.

स्टोरेजचं फार लांबवत नाही. १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी, ओळखीच्या कंपनीची. गिऱ्हाइकांच्या जुन्या फाइली ठेवायला वेगळी हार्ड डिस्क, जी काम नसताना काढून कपाटात ठेवता येईल. पुढच्या वर्षी त्याच तारखेला तोच बॅनर फोटो बदलून मागायला माणूस येतोच.

कॅबिनेट बघताना पुढून जाळी असलेलं आणि जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर असलेलं घ्या. पुढून काच असलेलं दिसतं झकास, पण हवा कुठून घेणार? खोलीचं तापमान दहा अंशाने चढलं की आतलंही साधारण तेवढंच चढतं. रायझन ७६०० ची मर्यादा ९५ अंश आणि इंटेलची १००, तिथे पोचला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. डब्यातला कूलर १२४०० ला चालतो, पण आपल्या मे महिन्यासाठी छोटा टॉवर कूलर लावा. पाण्याच्या कूलिंगच्या भानगडीत पडू नका.

दिवाळीनंतर वेचणी झाली की घरातली एक खोली कापसाने भरलेली असते, तुमच्याकडेही असेलच. तिथे किंवा तिच्या शेजारी पीसी ठेवू नका. बारीक तंतू उडतात आणि कार्डाच्या पंख्यामागच्या पात्यांत बसून त्याची गोधडी होते. आगीचा धोका वेगळाच. कॅबिनेट जमिनीवर नको, टेबलावर. वाळ्याच्या कूलरच्या थेट झोतातही नको. खारं पाणी असलेल्या गावांत कूलरसमोर ठेवलेल्या बोर्डांवर पांढरट थर आणि गंज मी नेहमी बघतो. कूलर खोलीत असू द्या, हवा तुमच्या अंगावर घ्या. कॅबिनेटच्या मागची रिकामी पीसीआय पट्टी कधी उघडी ठेवू नका, पाल आत शिरते आणि स्वतः मरून बोर्डही घेऊन जाते. आरजीबीचं म्हणाल तर पावसाळ्यात एकदा रात्री दिवे बंद करून ते लावून बघा. गावातले सगळे किडे तुमच्याकडे मुक्कामाला येतील.

साफसफाईला ब्लोअर वापरा आणि पंखा बोटाने धरून ठेवा, फिरू देऊ नका. पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा अजिबात नको, तिच्यात पाणी असतं.

मॉनिटर २४ इंची, आयपीएस, फुल एचडी आणि १०० हर्ट्झच्या वरचा. रंगासाठी जास्त जीव टाकू नका. स्क्रीनवरचा रंग आणि फ्लेक्स मशीनचा रंग तसाही जुळत नाही, तुम्ही ज्यांच्याकडे प्रिंट काढता त्यांच्या मशीनचा नमुना पट्टा जवळ ठेवणं जास्त कामाचं. पैसे कमी पडले तर कापायला सुरुवात इथून करा, मग कार्डावरून. एसएमपीएस, यूपीएस आणि मदरबोर्डावरून नाही.

खरेदी नागपूरला सीताबर्डीत करा की ऑनलाइन, दोन्हीकडे जीएसटीचं पक्कं बिल स्वतःच्या नावाने आणि त्यावर प्रत्येक पार्टचा सिरियल नंबर असावा. ऑनलाइन आलेलं खोकं उघडताना मोबाइलवर व्हिडिओ करा. तालुक्याच्या ओळखीच्या माणसाकडून जोडून घेतलं तर त्याच्या मजुरीत घासाघीस करू नका. उद्या रात्री आठला पीसी बंद पडल्यावर फोन त्यालाच करणार आहात.

स्वतः जोडणार असाल तर चार ठिकाणी नवखे अडकतात. कूलरच्या तळाची प्लास्टिकची पट्टी काढायची राहते. रॅमच्या दोन कांड्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावायच्या असतात. मॉनिटरची केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही. आणि प्रोसेसरची ८ पिनची वायर कार्डाच्या ८ पिनच्या वायरसारखी दिसते पण वेगळी असते, जोर लावून बसवू नका. रायझन ७६०० घेतलात तर पहिल्या वेळी काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. रॅमचं ट्रेनिंग चालू असतं. घाबरून बटण दाबत बसू नका. स्क्रीन आली की बायोसमध्ये जाऊन रॅमचं एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करा, नाहीतर पैसे दिलेली रॅम कमी वेगानेच चालत राहते. विंडोज टाकल्यावर डिस्प्ले सेटिंगमध्ये हर्ट्झही बघा. १४४ चा मॉनिटर घेऊन वर्षभर ६० वर खेळणारे माझ्याकडे येत राहतात.

नवं कोटेशन आलं की इथे टाका. फक्त बोर्ड, एसएमपीएस आणि कार्डाचं पूर्ण मॉडेल लिहून घ्या, तेवढ्यावर मी सांगू शकेन.